हातात लाल अक्षरांची पाटी, पण विमा कुणाच्या नावावर?

ब्रिटनमध्ये मोटरवेला चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी कधीकधी एक माणूस छातीशी दोन लांबट पाट्या धरून उभा दिसतो. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरं. तो लिफ्ट मागत असतो. कुणाची तरी गाडी शे-दोनशे मैलांवर पोचती करून रिकाम्या हाताने परत निघालेला, खरं तर पाट्या घेऊन परत निघालेला ट्रेड प्लेट ड्रायव्हर. मीही असा पावसात उभा राहिलोय. ट्रक ड्रायव्हर लाल अक्षरं लांबूनच ओळखतात आणि आपल्याच धंद्यातला माणूस म्हणून थांबतात.

लेस्टर, स्लाव, हॅरो या बाजूंना आपली बरीच मराठी मुलं या कामात शिरताना दिसतात. गाडी चालवता येते, रोज नवी गाडी हाती मिळते, डोक्यावर साहेब नसतो. विम्याचा विषय निघाला की मात्र बहुतेकांचं एकच उत्तर असतं, "ट्रेड प्लेट आहे ना, मग कव्हर आहेच." हे साफ चूक आहे, आणि ही चूक लायसन्स घालवू शकते. म्हणून हा लेख. यातलं सगळं ब्रिटनपुरतं आहे. भारतातल्या डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटचे नियम वेगळे, पाटीचे रंगसुद्धा नेमके उलटे: तिकडे लाल पाटीवर पांढरी अक्षरं.

पाटी काय देते आणि काय देत नाही

ट्रेड प्लेट म्हणजे स्वान्सीच्या डीव्हीएलएने (वाहनं आणि लायसन्स पाहणाऱ्या सरकारी खात्याने) मोटर व्यवसायातल्या माणसाला किंवा कंपनीला दिलेला ट्रेड लायसन्स. त्याचा पाया १९९४ च्या वाहन कर आणि नोंदणीच्या कायद्यात आहे. प्रत्येक गाडीचा वेगळा रोड टॅक्स न भरता, नोंदणी व्हायच्या आधीसुद्धा, ती धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर नेता यावी एवढ्यासाठी ही सोय. लायसन्सची मुदत सहा ते बारा महिने असते आणि ती ३० जून किंवा ३१ डिसेंबरला संपते. पाट्यांची जोडी एका वेळी एकाच गाडीवर चालते.

म्हणजे पाटी फक्त कराचा आणि नोंदणीचा प्रश्न सोडवते. विम्याशी तिचा काही संबंध नाही. एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही याच्या वार्षिक तपासणीचीही ती सूट देत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर एमओटी लागतेच. आधी वेळ ठरवून टेस्टलाच नेत असाल तर गोष्ट वेगळी.

विमा येतो तो १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १४३ मधून. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर किमान थर्ड पार्टी विमा हवा. गाडी कुणाची आहे, पाटी कुठली आहे, अंतर किती आहे, याने काही फरक पडत नाही. विम्याविना पकडलं तर जागेवरच ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, म्हणजे गुन्ह्याचे दंडगुण. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि गाडी चालवायला बंदीही येऊ शकते. पोलीस गाडी जप्त करू शकतात ते वेगळंच. ती गाडी तुमची नसते, गिऱ्हाइकाची असते. मग काम देणाऱ्याशी तुमचं नातं कसं राहील ते सांगायला नको.

आपल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी. इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, आणि प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. तुम्ही सांगली-सोलापूरला पंधरा वर्षं गाडी हाकली असलीत तरी इथे तुम्ही नवे ड्रायव्हरच. विम्याच्या एका गुन्ह्यात सहा पॉइंट येतात. म्हणजे एकाच फेरीत धंदा बंद.

आधी आपण कोण ते ठरवा

या कामात तीन प्रकारची माणसं असतात आणि तिघांचा विमा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो.

पहिला, पगारी नोकर. कंपनीची प्लेट, कंपनीची पॉलिसी, पे-स्लिप. त्याची बाजू सगळ्यात सुरक्षित. कलम १४३ मध्येच त्याच्यासाठी एक ढाल आहे. गाडी त्याची नव्हती, भाड्याने किंवा उसनी घेतलेली नव्हती, तो नोकरीच्या कामावर होता, आणि विमा नाही हे त्याला माहीत नव्हतं किंवा तशी शंका यायला कारण नव्हतं, हे सिद्ध झालं तर तो सुटतो.

दुसरा, स्वयंरोजगारवाला. प्लेट कंपनीची, पण हा फेरीमागे बिल लावतो, कर स्वतः भरतो. यातले बहुसंख्य ड्रायव्हर असेच. वरची ढाल नोकरीच्या करारावर काम करणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे याने तिच्यावर विसंबू नये. कंपनीने पॉलिसीचा हप्ता चुकवला, किंवा ड्रायव्हरांच्या यादीत तुमचं नाव घालायचं राहिलं, तर "मला कुठे माहीत होतं?" या वाक्याने तुमचे पॉइंट टळणार नाहीत. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या माणसाने कागद मागून घेतलाच पाहिजे. मागायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी मीही मागितला नव्हता.

तिसरा, स्वतःची प्लेट आणि स्वतःचा धंदा असलेला. गाड्या विकत घेऊन विकणारा, गॅरेजवाला, किंवा स्वतःच डिलिव्हरीची कंत्राटं घेणारा. त्याला स्वतःची मोटर ट्रेड पॉलिसी लागते.

याच्याही आधी दोन अडथळे आहेत. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, आणि हे काम बहुतेक ठिकाणी स्वयंरोजगार म्हणूनच दिलं जातं. "नंतर बघू" म्हणून सुरुवात करू नका. दुसरा अडथळा लायसन्सचा. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, आणि ते थेट बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावे लागतात. बाराव्या महिन्यानंतर भारतीय लायसन्सवर गाडी चालवली, तर वैध लायसन्स नाही म्हणून पॉलिसीही तुमच्या मागे उभी राहणार नाही. शिवाय मोटर ट्रेडच्या बऱ्याच पॉलिसींना ब्रिटिश लायसन्स आणि त्यावरचा काही काळाचा अनुभव हवा असतो. २१ किंवा २५ ही वयाची खालची मर्यादा तर ठिकठिकाणी भेटेल.

सर्टिफिकेटवरच्या तीन जागा

कंपनीचा विमा आहे की नाही हे तोंडी विचारू नका. सर्टिफिकेट ऑफ मोटर इन्शुरन्स नावाचा एक पानी कागद असतो, त्याची प्रत मागा. पूर्ण पॉलिसी साठ पानांची असेल, पण पोलिसांना आणि तुम्हाला आधी हे एक पान लागतं. त्यावर तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा.

गाड्यांचं वर्णन. मोटर ट्रेड सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा एकेका गाडीचा नंबर नसतो. "पॉलिसीधारकाच्या मालकीची किंवा व्यवसायासाठी त्याच्या ताब्यात असलेली कुठलीही गाडी" अशा अर्थाचं वाक्य असतं. "ताब्यात" हा शब्द महत्त्वाचा. कंपनीने अधिकृतपणे उचललेली गाडी तिच्या ताब्यात आली. तुम्ही मित्राची गाडी सोडवायला तीच पाटी लावली, तर ती गाडी कंपनीच्या ताब्यात कधीच आली नव्हती. मग प्लेटचा गैरवापर आणि विना-विमा, असे दोन्ही गुन्हे एका फेरीत.

कोण चालवू शकतो. इथे कधी नावांची यादी असते, कधी "धारकाच्या परवानगीने कुठलाही ड्रायव्हर" असं असतं आणि खाली बारीक अक्षरात वयाची अट. नावांची यादी असेल तर स्वतःचं नाव शोधा, स्पेलिंगसकट. आपली मधली नावं आणि आडनावं इथे हमखास गंडतात. लायसन्सवर एक, पॉलिसीत दुसरं.

कशासाठी. मला विचाराल तर तिन्हींतली हीच खरी मेख. "मोटर व्यवसायाच्या कामासाठी" एवढंच लिहिलेलं असेल तर खाजगी वापर बाहेर राहतो. गाडी पोचवायला उद्या सकाळी जायचं, म्हणून आज रात्री ती घरासमोर उभी केली आणि मध्येच दूध आणायला घेऊन गेलात, तर दूध आणण्याचा तो एक मैल विम्याबाहेरचा. शिवाय काम चालू नसताना ट्रेड प्लेटची गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवायला कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. माझ्या एका जुन्या सोबत्याची रात्र अशीच गेली. घराबाहेर उभी केलेली बिनटॅक्सची गाडी, सकाळी तिच्या चाकाला क्लॅम्प, म्हणजे कुलूप, आणि ज्या ग्राहकाला ती आठ वाजता हवी होती त्याचा फोन. त्याला त्यावेळी गाडीमागे जे पैसे मिळायचे त्याच्या कितीतरी पट भुर्दंड.

बायको-मुलांना बरोबर घेऊन "लगे हाथ ब्राइटन दाखवू" हाही मोह टाळा. ट्रेड प्लेटच्या गाडीत कुणाला बसवता येतं आणि काय माल नेता येतो यावर बंधनं आहेत. घरची माणसं आणि घरचं सामान त्यात बसत नाही.

एक गैरसमज जाता जाता. तुमच्या स्वतःच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत "दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्याची मुभा" असू शकते. ती या कामाला चालत नाही. तशा मुभेत मोटर व्यवसायातला वापर सहसा स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो.

एक्सेसचा खड्डा

कंपनीची पॉलिसी आहे, तुमचं नाव आहे, कारणही बरोबर आहे. तरीही खिसा मोकळा होऊ शकतो, एक्सेसमुळे. एक्सेस म्हणजे प्रत्येक क्लेममधला विमा कंपनी न देणारा पहिला हिस्सा. कंपनीच्या पॉलिसीवर तो हजार पौंडांच्या घरात असू शकतो. स्वयंरोजगाराच्या करारात बऱ्याचदा एक ओळ असते की चूक ड्रायव्हरची असेल तर एक्सेस त्याच्या बिलातून कापला जाईल. आता चाकाच्या रिमवरचा ओरखडा, बंपरचा घासा हे सगळं एक्सेसच्या आतच बसतं. म्हणजे कागदावर विमा कंपनीचा, भरणारे तुम्ही.

माझ्या बाबतीत हे एकदा झालं. गाडी उचलताना पाऊस होता, काळोख होता, मी घाईत सही केली. पोचवल्यावर उजव्या दारावर ओरखडा निघाला. तो आधीचा होता हे सांगायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. दोन आठवड्यांची कमाई गेली. तेव्हापासून माझा नियम: गाडीभोवती एक फेरी मारून चारही बाजू, चारही चाकं, काच, मैलांचा आकडा आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ, आणि तोही ज्याच्याकडून गाडी घेतोय त्या माणसासमोर. पाऊस असेल तर आधी पंपाच्या छपराखाली नेऊन मग. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत.

करारावर सही करण्यापूर्वी विचारा: एक्सेस किती, तो कोण भरणार, चूक कुणाची हे कोण ठरवणार, आणि कापण्याची वरची मर्यादा आहे का. उत्तर ईमेलवर घ्या.

स्वतःची पॉलिसी काढताना

तिसऱ्या प्रकारात जाल तेव्हा दोन मोठे पर्याय समोर येतात. नुसता रोड रिस्क, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचा विमा. हा घरून काम करणाऱ्यांना पुरतो. आणि दुसरा कंबाइंड, ज्यात गॅरेज किंवा यार्डाची जागा, अवजारं, उभा स्टॉक, ग्राहकाला इजा झाल्यास पब्लिक लायबिलिटी हेही येतं. नुसत्या डिलिव्हरीला पहिला पुरेसा असतो. दोन्हींत थर्ड पार्टी, थर्ड पार्टी-फायर-थेफ्ट आणि काँप्रिहेन्सिव्ह अशा पायऱ्या असतात. दुसऱ्यांच्या गाड्या पोचवायच्या असतील तर काँप्रिहेन्सिव्हच घ्या. थर्ड पार्टीत तुमच्या हातातल्या गाडीचं नुकसान येतच नाही, आणि डिलिव्हरीत हातातली गाडी हाच खरा धोका.

ब्रोकरकडून घेणं सोयीचं, पण तो फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या (विमा आणि वित्त व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर आहे का ते आधी पाहा. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर "स्वस्त ट्रेड पॉलिसी" विकणारे भेटतात. अशी पॉलिसी दोन हप्त्यांनी रद्द होते किंवा मुळात नसतेच.

ब्रोकर विचारेल ते सगळं खरं सांगा, आणि विचारलं नाही तरी महत्त्वाचं असेल ते सांगा. धंद्याच्या विम्याला २०१५ चा इन्शुरन्स ॲक्ट लागू होतो आणि त्यात धोक्याची रास्त मांडणी करणं हे तुमचं कर्तव्य ठरवलेलं आहे. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो व्यवसायाच्या वर्णनात. "कार सेल्स" लिहून पॉलिसी घ्यायची आणि प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन पोचवायच्या, हे विमा कंपनीच्या नजरेत दोन वेगळे धंदे आहेत. अर्जात "गाड्या उचलणं आणि पोचवणं" हे शब्द आले पाहिजेत. जुने पॉइंट, जुने क्लेम, आधी रद्द झालेली पॉलिसी, सगळं सांगा. विना-विम्याचा गुन्हा लायसन्सवर आयएन १० या कोडने चार वर्षं राहतो, पण विमा कंपन्या सहसा पाच वर्षांचं विचारतात.

मोटर ट्रेडचा पुरावा मागितला जातो: खरेदी-विक्रीची बिलं, डिलिव्हरीची बिलं, एचएमआरसीची, म्हणजे करखात्याची नोंद. स्वतःच्या घरच्या चार गाड्या स्वस्तात विम्याखाली आणण्यासाठी ट्रेडर असल्याचं सोंग आणणारे बरेच असतात, म्हणून कंपन्या कडक झाल्या आहेत.

विम्याच्या किमतीचे कोट आले की नुसता आकडा पाहू नका. या पाच गोष्टी शेजारी शेजारी लिहा:

एका गाडीमागे भरपाईची कमाल मर्यादा. २० हजार पौंडांची मर्यादा असताना ५५ हजारांची एसयूव्ही उचललीत, तर वरचे ३५ हजार कुणाचे? भरपाई दुकानातल्या किमतीने मिळते की ट्रेडच्या (डीलर आपसात देतात त्या) किमतीने, हेही इथेच विचारा.

वगळलेल्या गाड्या. वेगवान स्पोर्ट्स गाड्या, परदेशातून आणलेल्या, साडेतीन टनांच्या वरच्या.

एक्सेस, आणि तरुण ड्रायव्हरसाठी वाढीव एक्सेस.

चावीची अट. चावी गाडीत ठेवून पंपावर पैसे द्यायला गेलात आणि गाडी गेली, तर चोरीचा क्लेम बहुतेक पॉलिसींत फेटाळला जातो.

ट्रायल देण्याची मुभा. ग्राहक गाडी चालवणार असेल तर तुम्ही शेजारी बसलेले असण्याची अट आहे का.

किमतीत १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स धरलाय का तेही बघा. भारतातला नो क्लेम बोनस इथे मोजला जाईल ही आशा सोडा. आणि हाताखाली माणूस ठेवलात तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामावर नोकराला इजा झाल्यास भरपाईचा) सक्तीचा आहे, १९६९ च्या कायद्याने, किमान ५० लाख पौंडांचा. तो नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. "भाचा मदतीला येतो" म्हणणारे इथेच अडकतात.

एमआयडीवर नोंद

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून पोलीस जी यादी बघतात ती मोटर इन्शुरन्स डेटाबेस, म्हणजे एमआयडी. कागद तुमच्या खिशात असला तरी यादीत गाडी दिसली नाही तर थांबवणारच. स्वतःची पॉलिसी असेल तर ज्या गाड्या तुमच्याकडे राहणार त्या पॉलिसीच्या पोर्टलवरून यादीवर चढवा आणि विकल्या की उतरवा. ट्रेड प्लेटचा नंबरही नोंदवता येतो, तो जरूर नोंदवा. दिवस दोन दिवसांसाठी आलेल्या गाडीचाही कंटाळा करू नका, पाच मिनिटांचं काम आहे. उतरवायला विसरणं जास्त त्रासाचं. विकलेल्या गाडीने सहा महिन्यांनी केलेल्या अपघाताचं पत्र तुमच्या दारात येतं.

कंपनीच्या प्लेटवर असाल तर सर्टिफिकेटची प्रत फोनमध्ये, कामाचा आदेश फोनमध्ये, आणि ऑफिसबाहेरच्या वेळेतही उचलला जाणारा एक नंबर. थांबवलं तर या तीन गोष्टींवर बहुतेक वेळा दहा मिनिटांत सुटका होते.

अपघात झालाच तर

थांबा. कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर नाव, पत्ता, गाडीच्या मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर द्यावा लागतो. इथे "मालक" तुम्ही नाही, म्हणून कामाचा आदेश हाताशी हवा. गाडीचा मूळ नंबर आणि ट्रेड प्लेटचा नंबर, दोन्ही लिहा. तपशील देता आले नाहीत तर शक्य तितक्या लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवायचं. इजा झाली असेल आणि विम्याचं सर्टिफिकेट तिथे दाखवता आलं नाही, तरीही तेच.

"सॉरी, माझीच चूक" हे तोंडून बाहेर पडू देऊ नका. आपल्याला ती सवय आहे, पण चूक कुणाची हे ठरवायचं काम विमा कंपनीचं. फोटो काढा, साक्षीदाराचा नंबर घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीला किंवा ब्रोकरला कळवा. नुकसान छोटं म्हणून लपवू नका. समोरच्याने तीन महिन्यांनी मानेच्या दुखण्याचा क्लेम लावला तर उशिरा कळवलं म्हणून तुमच्यावरच येतं. पॉलिसीतली अट मोडली असेल तरी समोरच्या माणसाला विमा कंपनीला सहसा पैसे द्यावेच लागतात. नंतर ती ते तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणजे "क्लेम मिळाला" आणि "मी सुटलो" या दोन वेगळ्या गोष्टी.

क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओंबड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. छोट्या धंद्यांनाही ती मोफत आहे. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं, ही तारीख कॅलेंडरवर टाका.

काम सोडताना

प्लेट कंपनीची असेल तर परत देताना पोच घ्या, तारीख आणि वेळेसकट. नंतर त्या पाटीवर कुणी लाल सिग्नल तोडला तर ती पोचच कामी येते. स्वतःची प्लेट असेल तर पाट्या डीव्हीएलएच्या मालकीच्या असतात, त्या परत पाठवा, मित्राला वापरायला देऊ नका. पॉलिसी बंद करताना नो क्लेमचा दाखला लेखी मागा. तो बहुतेक ठिकाणी दोन वर्षंच चालतो. आणि डेबिट कार्डाचा हप्ता नुसता थांबवून मोकळे होऊ नका, आधी ब्रोकरला ईमेल करा. हप्ता थकल्यामुळे कंपनीने रद्द केलेली पॉलिसी आणि तुम्ही स्वतः बंद केलेली पॉलिसी यांत पुढच्या अर्जावर फार मोठा फरक पडतो.